मूठभर मीठ आणि विक्टूचं बासन

ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या गावात बातमी पसरायला दवंडीची गरज कधी पडलीच नाही, आणि विक्टू असताना तर मुळीच नाही. ती स्वतःच एक दवंडी होती. "सोमवारी कल्याणला साहेब येणार! मुंबईच्या चित्रशाळेचा! माझी चित्रं बघणार!" हे तिनं विहिरीवर सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, मासळीबाजारात सांगितलं, आणि सांगायला माणूस उरलं नाही तेव्हा बापाच्या बैलांनाही सांगितलं. बैलांनी माना हलवल्या. विक्टूला तेवढं पुरे होतं.

खरं नाव व्हिक्टोरिया, थेट राणीचं. पण "एवढी लांब हाक मारेपर्यंत माजा भात करपंल," असं तिची आय म्हणायची, म्हणून विक्टू.

वर्षभरापूर्वी हीच विक्टू वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडत नव्हती. मिशनच्या मुलींच्या शाळेत श्रीपाद मास्तर चित्रकला शिकवायला आले आणि चित्र पालटलं. मास्तर पुण्याकडचे, पगडी नीट, धोतर नीट, बोलणं त्याहून नीट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विक्टूची पाटी उचलून वर्गाला दाखवली. पाटीवर खिडकीतला कावळा होता. मास्तर म्हणाले, "मुलींनो, हा कावळा आत्ता उडेल, म्हणून पाटी सांभाळून धरतो आहे." बस्स. त्या दिवसापासून विक्टूच उडायला लागली.

मुंबईच्या चित्रशाळेत त्या साली मुलींसाठी वेगळा वर्ग निघणार होता. मास्तरांनीच ते शोधून काढलं आणि तिचं नाव पुढे पाठवलं. साहेब कल्याणच्या शाळेत बसून आसपासच्या मुलामुलींचं काम पाहणार, आवडलं तर जूनपासून प्रवेश. राहायची सोय होती, माझगावला स्टेलामावशी होती. अडचण एकच होती आणि ती घरातच ओट्यावर बसून जाळं विणत होती. बापाचं म्हणणं साफ होतं. "साहेबानं घेतली तर जा. मी आडवा येणार नाय. पण नाय घेतली तर चित्रं पेटीत, आणि जून लागला की तू शेतावर. मग लग्नाचं बघू." बापा, म्हणजे ग्रेगरी, एकदा बोलला की दगडावरची रेघ. थोडक्यात, विक्टूचं सगळं पुढचं आयुष्य त्या सोमवारच्या चित्रांत बांधलेलं होतं.

आणि ती चित्रं खरोखरच बांधलेली होती. मास्तरांनी त्यांना बासन म्हणायला शिकवलं होतं. पोथी गुंडाळतात तसं लाल फडकं, आत दोन पुठ्ठे, पुठ्ठ्यांमध्ये चित्रं. बासन विक्टूचं असलं तरी ते भरलं होतं अख्ख्या गावानं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. कागद दिला थॉमसकाकानं. तो कल्याणला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढी आणि बाद झालेले कोरे ताव पुतणीसाठी जपून ठेवी. लाल फडकं आयच्या लुगड्याचं. साहेबाला पुतळ्यावरून काढलेलं एक चित्र हवं होतं, पण गावात पुतळे कुठले! तेव्हा पाद्रीबाबांनी जुन्या मूर्तीचा तुटलेला हात कपाटातून काढून दिला. संत अंतोनीचा हात. तो हात पंधरवडाभर ओट्यावर उशीवर ठेवलेला होता, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई आधी त्याला हात जोडून मगच आयकडे विरजण मागायची. बसलेल्या माणसाचं चित्र हवं होतं, तर धाकटी बहीण रोझा खोबऱ्याच्या तुकड्याच्या बोलीवर बसायला तयार झाली. खोबरं संपलं की ती उठायची, त्यामुळे चित्रात रोझाचा चेहरा पूर्ण होता आणि पाय नव्हते.

राहिलं होतं एकच. रंगातलं चित्र, समोर दिसतं तसं, आपल्या मनानं निवडलेलं. विक्टूनं निवडलं मिठागर.

दुसरं काय निवडणार? घरामागून बांध सुरू व्हायचे ते खाडीपर्यंत. बांधांमध्ये खाडीचं पाणी घेतलेले चौकोन, उन्हानं ते आटायचं, आणि चौकोनाच्या तळाशी मीठ धरायचं. थोडा भाग बापाचा होता. त्यावर शेजारची ठमाबाई काम करायची, लांब दांड्याच्या फावड्यानं मीठ ओढून ढीग घालायची. विक्टू तिला ठमामावशी म्हणे. विक्टूच्या जन्माच्या वेळी सुईण यायच्या आधी हीच पोचली होती, म्हणून विक्टूवर पहिला हक्क आपला, असं ती आयच्या तोंडावर सांगत असे.

पण मीठ काही रंगात उतरेना. पाणी जमलं, बांध जमले, वाकलेली ठमामावशी तर इतकी जमली की कंबर दुखते हे लांबूनही कळावं. मीठ मात्र कधी दह्यासारखं दिसे, कधी पिठासारखं. बापानं एकदा जाळ्यावरून मान वर करून विचारलं, "हा कापूस कोणी वाळत घातलाय गो?" विक्टू दोन घास कमी जेवली.

शनिवारी सकाळी तिनं शेवटचा ताव घेतला. शेवटचा म्हणजे खरंच शेवटचा, थॉमसकाकाकडचेही संपले होते आणि निळ्या रंगाची वडी घासून घासून नखाएवढी उरली होती. ओट्यावर सावलीत कागद पसरला, बांध आणि वाकलेली ठमामावशी आधी उतरवली, मग दुपारी पाण्याचा राखी-निळा हात सबंध चौकोनांवरून एका दमात फिरवला आणि ती मागे सरकून बसली. मीठ नंतर, पांढऱ्या जागा सोडून, जमेल तसं. ओला रंग सुकेपर्यंत बोट लावायचं नाही, हे मास्तरांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की रोझालाही पाठ झालं होतं.

तेवढ्यात ठमाबाई आली. चित्रात स्वतःला पाहून तिचा हात तोंडावर गेला.

"अगो बाय! ही मी?"

"तूच गं, दुसरं कोण एवढं वाकतं?"

"कंबर बगा माजी! जशीच्या तशी!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आन् हे सगल्या गावानं बगितलंन?"

"बघितलं म्हणजे! सकाळपासून रीघ आहे."

ठमाबाईनं आयकडे पाहिलं, आयनं ठमाबाईकडे. दोघींना एकच शंका आली. मूर्तीच्या हातासमोर हात जोडणाऱ्या बायका जाताना चित्राकडे डोळे फाडून बघत होत्या, त्यात ती शेजारची गोदूबाई तर "काय बाई हात आहे पोरीचा!" असं तीनदा म्हणाली होती. आयनं गळ्यातला क्रूस चाचपला, रस्त्याकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ठमा, काढ दृष्ट. पण पाद्रीबाबाला कळता कामा नये हां."

ठमाबाईला दोनदा सांगावं लागलं नाही. तिनं मुठीत मोहऱ्या घेतल्या, आणि मीठ घेतलं ते घरातलं बारीक नव्हे, तिच्या ओटीत असलेलं मिठागरातलं जाडं. डोळे मिटून ती पुटपुटू लागली, आल्याची-गेल्याची, दारातल्याची-बांधावरच्याची, आणि मूठ फिरू लागली. पोरीची दृष्ट काढताना मूठ पोरीच्या अंगावरून फिरते. चित्राची काढायची तर चित्रावरूनच फिरणार. पण पोर उभी असते, आणि चित्र मात्र ओलं, आडवं पसरलेलं होतं. तिसऱ्या फेऱ्याला ठमाबाईच्या मुठीची करंगळी जरा सैल झाली.

खडे टपटप पडले.

विक्टू अशी किंचाळली की बैल उठून उभे राहिले. ती खडे वेचायला धावली. पहिलाच खडा उचलला तर बोटाखाली निळा रंग फरफटत गेला. तिनं हात मागे घेतला, स्वतःच्याच दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला आणि रडायला लागली. पाण्याच्या चौकोनभर मीठ, त्यात मधूनमधून काळ्या मोहऱ्या, आणि एका कोपऱ्यात बोटाचा ओघळ.

ठमाबाई जागच्या जागी खाली बसली. "माज्या हातानं," एवढंच ती म्हणाली. आयनं चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही. "पोरीला साहेबाकडं पाठवायची, आन् मीच तिच्या वाटेत काटा पेरला." उठून गेली ती मागे वळूनही न बघता. विक्टूला तिला हाक मारायची होती. पण रडं आणि हाक एकाच गळ्यातून बाहेर पडायला निघाली, आणि रडं पुढे गेलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला विक्टू गेली खरी, पण कानावर काही पडत नव्हतं. परत आली तर ओट्यावर बापा उभा. हातात जाळं नाही. बापा आणि हातात जाळं नाही, म्हणजे काहीतरी झालं होतं. तो चित्राकडे बघत होता. चित्र वाळलं होतं, आणि त्यानं हलकेच फुंकर मारून खडे झटकले होते.

"इकडं ये," तो म्हणाला.

जिथे जिथे खडा पडला होता, तिथे तिथे त्या खड्यानं भोवतालचा रंग स्वतःकडे ओढून घेतला होता आणि मधे पांढुरकं फूल ठेवलं होतं. टोकेरी पाकळ्यांचं, एकाला एक लागून, कुठे दाट, कुठे विरळ. जसं काही निळ्या पाण्याच्या तळाशी आत्ता, या क्षणाला, काहीतरी धरू लागलंय.

बापा चित्रावर वाकला. मग म्हणाला, "पहिलं मीठ धरतं तवा असंच दिसतं. लोकांना ढीग दिसतो. हे दिसत नाय कुणाला, त्याला वाकायला लागतं." आणि सरळ होत, "हे आपलं मीठ हाय, विक्टू."

विक्टूच्या आयुष्यात बापानं तिच्या चित्राला कापूस, पीठ आणि एकदा कोंबडी म्हटलं होतं. 'आपलं' पहिल्यांदाच म्हटलं. तिनं त्याला अशी मिठी मारली की त्याचा तोल गेला.

मग ती जी सुटली! तावांच्या कडेचे कापून उरलेले तळहाताएवढे तुकडे काढले, कुंचला धुतलेल्या वाटीतलं निळसर पाणी घेतलं, आणि दुपारभर मीठ टाकत बसली. फार ओल्यावर टाकलं तर मीठ विरघळून नुसता चिखल. फार सुकल्यावर टाकलं तर काहीच नाही, खडा आपला खडाच. मधली एक वेळ होती, कागदावरची चकाकी जाते पण ओल जात नाही ती. बापा येता-जाता बघत होता. "मिठागराचंबी तेच," तो म्हणाला. "घाई केली की चिखल." संध्याकाळपर्यंत विक्टूला ती वेळ डोळ्यांनी ओळखता यायला लागली.

अंधार पडायच्या आत ती ठमाबाईच्या दारात पोचली. ठमाबाई चुलीपाशी पाठ करून बसलेली.

"मावशी, उद्या कल्याणला चल."

"कोंच्या तोंडानं?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणशील?"

ठमाबाई हसली नाही, पण वळली. विक्टूनं चित्र दाखवलं. ठमाबाई बघत राहिली, मग नाकाला पदर लावला. तिचा विश्वास काही बसला नाही. "तू मना बरं वाटावं म्हणून बोलतेस गो. येते मी. साहेबाला मीच सांगते, चूक पोरीची नाय, माजी."

सोमवारी ठाण्याहून कल्याणची गाडी धरली. स्टेशनावर श्रीपाद मास्तर भेटले. त्यांनी बाकावर बासन सोडलं, एकेक ताव पाहिला, आणि मिठागरापाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"व्हिक्टोरिया, हे डाग?"

तिनं सगळं सांगितलं, मोहऱ्यांसकट. मास्तरांनी चित्र पुन्हा एकदा न्याहाळलं. "मला हे आवडलं आहे," ते शेवटी म्हणाले, "पण मी तुझा शिक्षक आहे, तेव्हा खरं सांगतो. साहेब आधी स्वच्छता पाहतात. पाणी सांडलं आहे असं त्यांना वाटलं तर पुढची चित्रंही बघायचे नाहीत. हे वगळलंस तर रंगाचं चित्र नाही म्हणून कमी धरतील, पण बाकीच्यांवर निभावेल कदाचित. तू ठरव."

वर्षापूर्वीची विक्टू म्हणाली असती, तुम्ही म्हणाल तसं. आत्ताच्या विक्टूनं चित्र उचललं आणि बासनात सगळ्यात वर ठेवलं.

कल्याणच्या शाळेच्या ओसरीवर मुलं रांगेनं बसली होती. शेजारी डोंबिवलीकडचा गोविंदा, त्याच्याकडे छापील पुस्तकातून उतरवलेली वेलबुट्टी, एक पान इकडचं तिकडे नाही. त्यानं डोकावून पाहिलं. "तुझ्या चित्राला देवी आल्यात की काय?"

"आल्यात," विक्टू म्हणाली, "तू लांब बस, तुझ्या वेलीला लागतील."

साहेब उंच, लाल नाकाचा, आणि कंटाळलेला. सकाळपासून त्यानं एकच वेल किती जणांच्या हातची पाहिली होती देव जाणे. विक्टूची पाळी आली. त्यानं फडकं सोडलं आणि वरच्या चित्राकडे हात नेला. तो हात तिथेच थांबला. चित्र त्यानं उजेडाकडे नेलं, तिरकं धरलं, नाकाजवळ आणलं. मग इंग्रजीत काही विचारलं.

मास्तरांनी सांगितलं, "हे कसं केलंस असं विचारतात."

मीच केलं, असं म्हणायला तोंड उघडायचंच बाकी होतं. खोटंही झालं नसतं फारसं. पण ओसरीखाली ठमाबाई उभी होती, पायातल्या वहाणा हातात घेऊन, चूक कबूल करायला इतक्या लांब आलेली.

"हे मी नाही केलं," विक्टू म्हणाली. "माझ्या मावशीनं चित्राची दृष्ट काढली, तिच्या मुठीतून मीठ सांडलं. आता मला करता येतं. पण पहिलं तिचं."

मास्तरांना घाम फुटला. दृष्ट इंग्रजीत कशी काढायची? त्यांनी हातवारे केले, मूठ गोल फिरवली, डोळ्याकडे बोट दाखवलं. साहेब घाबरून म्हणाला की डोळ्यात मीठ का घालता! ओसरी हसायला लागली, आणि मास्तर, ते नीटनेटके मास्तर, तेही हसायला लागले. शेवटी उलगडा झाला तेव्हा साहेब ठमाबाईकडे वळून बघत राहिला. ठमाबाईला वाटलं, आता शिक्षा. ती एका दमात म्हणाली, "साएब, पोरीला काय बोलू नका, माजी मूठ सैल!"

साहेबानं ते समजून घेतलं आणि विक्टूला एकच सांगितलं, करून दाखव. स्वतःची रंगपेटी पुढे सरकवली. इतके रंग एका जागी विक्टूनं चर्चमधल्या वेदीच्या रंगीत काचेतच काय ते पाहिले होते. ती निळ्याला हात लावणार तोच तिच्या ध्यानात आलं, मीठ कुठाय?

"मावशी!"

ठमाबाईची ओटी कधी रिकामी नसे. पोरीची दृष्ट काढायला म्हणून ती मीठ-मोहऱ्या घेऊनच आली होती. मोहऱ्या वेचून बाजूला केल्या गेल्या.

विक्टूनं पाण्याचा हात फिरवला आणि थांबली. सगळी ओसरी थांबली. गोविंदा मान लांब करून बघत होता. कागद चकाकत होता. साहेबानं भुवई उचलली. विक्टू बसून राहिली. घाई केली की चिखल. चकाकी कडेनं मावळत आली, मधे आली, गेली. मग तिनं चिमूट उचलली आणि वरून, जराशी हात हलवत, सोडली.

साहेब इतरांची कामं बघायला गेला, पण दर दोन मुलांमागे परत येऊन बघू लागला. कल्याणच्या उन्हानं आपलं काम चोख केलं. खडे झटकले तेव्हा कागदावर मीठ धरलं होतं. पहिल्या चित्रातल्यासारखं नाही, थोडं वेगळं, डावीकडे दाट. पण फुलं तीच.

साहेबानं मग बासन शेवटपर्यंत पाहिलं. अंतोनीच्या हाताशी थांबला, बिनपायाच्या रोझाकडे बघून हसला. नाव विचारलं.

"व्हिक्टोरिया."

यावर तो उठून जरासा वाकला, मुलं खो खो हसली, आणि मास्तरांच्या कानाशी तो काहीतरी बोलला. मास्तरांनी पगडी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"जूनपासून," ते म्हणाले. "जूनपासून, मुली."

विक्टू आधी त्यांच्या पाया पडली. त्यांच्या घरची रीत हिच्या घरी नव्हती, पण हात जोडून भागेल असं तिला वाटेना. मग ओसरीवरून उडी मारून ती थेट ठमाबाईच्या गळ्यात.

गाडीला वेळ होता. थॉमसकाका कचेरीतून धावत आला होता, त्याला तिनं बाद तावांबद्दल तिथल्या तिथे तीनदा धन्यवाद दिले, तिसऱ्यांदा त्यालाच लाजल्यासारखं झालं. बापाला सांगताना कुठून सुरुवात करायची, संत अंतोनीला मेणबत्ती किती मोठी लावायची, रोझाला अख्खा नारळ द्यायचा की अर्धा, सगळं ती एका श्वासात बोलत होती. ठमाबाईनं तिला फलाटाच्या कोपऱ्यात ओढलं.

"गप उभी राहा. एवढ्या लोकांची नजर पडलेय आज."

मूठ फिरली. या वेळी अशी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली. एक खडा सांडला नाही.

विक्टूनं लाल बासन पुढे केलं. "आता याच्यावरून."

"नाय गो बाय! नको! परत नको!" ठमाबाई दोन पावलं मागे.

"अगं, सुकलंय आता ते. आणि पहिल्यांदा काढलीस म्हणून तर मी निघाले मुंबईला. काढ ना, मावशी. तुझाच हक्क पहिला."

ठमाबाईनं इकडेतिकडे बघितलं, पाद्रीबाबा नाहीत याची खात्री केली, आणि बासनावरून मूठ फिरवू लागली. आल्याची-गेल्याची, दारातल्याची-बांधावरच्याची, आणि सगळ्यात शेवटी, जरा विचार करून, साहेबाचीसुद्धा.